फुकटचा ट्रक आधी उतरवून घेऊ नका: लोकसहभागातून कमी खर्चात सार्वजनिक बाग

पहिल्या श्रमदानाला ४० जण आले होते आणि फावडी होती सहा. त्यात आदल्या संध्याकाळी कुणीतरी मोठ्या मनाने दिलेला विटांच्या तुकड्यांचा ट्रक जागेच्या मधोमध ओतला गेला होता, नेमका जिथून मुख्य वाट जायची होती तिथे. सगळी सकाळ तो ढीग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेण्यात गेली. लोक घामाघूम झाले, एकमेकांना शाबासकी देऊन घरी गेले, आणि पुढच्या वेळी १४ आले. तो राडारोडा फुकटच होता, पण आम्हाला २६ माणसांना पडला.

बाग स्वस्तात होते ती साहित्य फुकट मिळाल्यामुळे, असा सगळ्यांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. साहित्य मिळतं, माणसंही मिळतात. चुकतो तो क्रम. एकदा केलेलं काम पुन्हा उकरावं लागलं की स्वस्ताई संपली. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा, आणि मधली पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

जागेचा कागद

रिकामी पडलेली जागा कुणाची तरी असतेच. मालक सरकारी असो, संस्था असो की खासगी, लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही. त्या कागदात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: जागा किती वर्षांसाठी वापरायला मिळाली, पाणी कुठून घ्यायचं, कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, आणि मालकाला जागा परत हवी झाली तर किती आधी कळवायचं. पाच वर्षांपेक्षा कमी मुदत मिळत असेल तर मोठी झाडं आणि पक्कं बांधकाम यांचा विचार सोडून द्या. हलवता येतील असे बाक आणि कुंड्या ठेवा.

परवानगीशिवाय केलेलं काम टिकल्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही. चंडीगडमध्ये रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ पासून टाकाऊ वस्तूंतून गुपचूप घडवलेली बाग सरकारी जमिनीवर होती. ती उघडकीला आल्यावर पाडली जाण्याचीच शक्यता होती, पण लोक पाठीशी राहिले आणि १९७६ मध्ये ती रीतसर खुली झाली. मात्र न्यूयॉर्कचं उदाहरणही लक्षात ठेवा. तिथे लोकांनी वर्षानुवर्षं राबून फुलवलेल्या शंभराहून अधिक सामुदायिक बागा १९९९ मध्ये शहराने लिलावात काढल्या होत्या. दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. आपल्या बागेसाठी असं कुणी धावून येईल यावर विसंबू नये.

याच टप्प्यावर जमिनीखालच्या तारा, पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या कुठून जातात ते संबंधित खात्यांकडून नकाशावर मागून घ्या. जागेचा इतिहासही विचारा. पूर्वी तिथे गॅरेज, कारखाना, रंगाचं काम किंवा कचऱ्याचा डेपो असेल तर माती प्रयोगशाळेत तपासून घ्यायलाच हवी, निदान शिशासाठी तरी. लहान मुलं मातीत खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात. अहवाल वाईट आला तर ती माती उघडी ठेवायची नाही. मग त्या मातीवर काय घालून ती झाकायची किंवा जागाच बदलायची, हे जाणकाराला विचारूनच ठरवा.

दोन आठवडे नुसतं बघा

आराखडा काढायची घाई सगळ्यांना असते. त्याआधी एक वही घ्या आणि जागेवर वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा: सकाळी, भर दुपारी, शाळा सुटताना, दिवेलागणीला. सावली कुठे पडते, वारा कुठून येतो, पाऊस पडून गेल्यावर डबकं कुठे साचतं, लोक कुठून कुठे तिरपे चालत जातात हे टिपा. गवत तुडवून तयार झालेली पायवाट असेल तर तुमची मुख्य वाट तीच. तिच्याऐवजी काटकोनात फरसबंद रस्ता केलात तरी लोक जुन्याच वाटेने, तुमच्या फुलझाडांवरून जाणार.

लोकांना ‘काय हवंय?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं: कारंजं, झोपाळे, जिम, हिरवळ. त्याऐवजी ‘तुम्ही इथे किती वाजता याल, कुणाबरोबर, आणि किती वेळ थांबाल?’ असं विचारा. एका आजींनी मला सांगितलं होतं, ‘मला बाकाला हात हवेत. बसता येतं मला, उठता येत नाही.’ त्या वाक्याने आमचे सगळे बाक बदलले. शाळकरी मुलींना वेगळं विचारा, व्हीलचेअर वापरणाऱ्यांना विचारा, आणि जागेला लागून ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांना तर आधी विचारा. रात्रीच्या गोंगाटाची तक्रार तेच करणार आणि कुणी काही मोडत असेल तर हाकही तेच मारणार.

कागदावरचा आराखडा फार थोड्यांना वाचता येतो. म्हणून तो फक्कीने जमिनीवर खऱ्या मापात आखा. खुंट्या आणि सुतळी घ्या, काटकोनासाठी दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणा. ३ आणि ४ च्या बाजू जिथे भेटतात तिथे काटकोन. मग लोकांना त्या पांढऱ्या रेषांवरून चालायला लावा. दोघं शेजारी शेजारी चालत येऊ द्या, समोरून बाबागाडी येऊ द्या. वाट अरुंद आहे हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं आणि पुसायला एक झाडू पुरतो. आमच्या एका बागेत अशा रेषा तीनदा पुसल्या गेल्या. त्यातली एकही चूक नंतर खोदावी लागली नाही.

माती आणि उतार

दोन परीक्षा घरच्या घरी होतात. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घाला, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, आणि जोरात हलवून बरणी ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू, दोनेक तासांत तिच्यावर बसते ती पोयटा, आणि त्यानंतर दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ सावकाश बसते ती चिकणमाती. तिन्ही थरांची जाडी बघितली की माती पाणी धरणारी आहे की सोडणारी, हे कळतं. दुसरी परीक्षा खड्ड्याची. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून बसा. तासाला २.५ सेंटिमीटरच्या आसपास पाणी उतरत असेल तर बहुतेक झाडांना ती जागा चालते. तासाला एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर तिथे झाड नको, खेळायची जागा तर नकोच.

उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, बस्स. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. एक टोक सगळ्यांत उंच खुंटीवर धरून बाकीच्या खुंट्यांवर खुणा करत गेलात की दुपारपर्यंत जागेचा चढउतार हातात येतो. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते याच नकाशावर बाणांनी दाखवा. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. शेजारच्या इमारतीचं छप्पर तुमच्या जागेत पाणी सोडत असेल तर ही एकाच वेळी अडचण आणि सोय आहे. ते पाणी वाटेवरून न्यायचं नाही, झाडांच्या दिशेने वळवायचं.

काय मागायचं, काय नाकारायचं

यादीचे तीन भाग करा: दान मिळू शकेल ते, दोन दिवसांसाठी उसनं मिळेल ते, आणि विकतच घ्यायचं ते. फावडी, घमेली, पहारी, कुटण्या, हातगाड्या उसन्या मिळतात. प्रत्येकावर रंगाची खूण करा, नाहीतर परत देताना भांडणं होतात. झाडं छाटणाऱ्या ठेकेदाराकडे लाकडाचा चुरा (म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे, भुसा नव्हे) आणि ओंडके असतात, त्याला ते टाकायलाच पैसे पडतात. बांधकामावर उरलेल्या विटा, फरशीचे तुकडे, मुरूम. नर्सरीत हंगाम संपताना राहिलेली रोपं.

दान मागताना ‘काहीही चालेल’ म्हणू नका. ‘काहीही’ म्हटलं की लोकांची अडगळ येते. काय, किती, कोणत्या मापाचं, कोणत्या तारखेला आणि जागेच्या कोणत्या कोपऱ्यात, एवढं एका कागदावर लिहून द्या. ढिगाची जागा फक्कीने आखून ठेवा आणि ट्रक येईल तेव्हा एकाने तिथे उभं राहायचंच.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. जुने सिमेंटचे पत्रे नकोत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे बारीक तंतू, असू शकतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला झोकदार असतात, पण ते क्रिओसोट या विषारी, डांबरासारख्या तेलात मुरवलेले असतात. मुलं जिथे बसतील, हात लावतील तिथे ते नकोत. पोपडे निघालेलं जुनं रंगवलेलं लाकूडही नको, त्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. टायर घेतलेच तर त्यांना खालून भोकं पाडा, नाहीतर ते डासांचे हौद होतात. आणि कुणीतरी स्वतःच्या अंगणातली मोडकी घसरगुंडी मोठ्या प्रेमाने देऊ करेल. घरगुती वापरासाठी बनवलेलं खेळणं सार्वजनिक जागेत टिकत नाही. हात जोडून नको म्हणा.

पैसे खर्च करायचे ते तीन ठिकाणी: पाण्याचा नळ आणि पाइप, खेळण्यांचे लोखंडी जोड आणि नटबोल्ट, आणि ज्या कामाला परवानाधारक माणूस लागतो ते काम, म्हणजे वीज आणि वेल्डिंग. इथे काटकसर केलेली मी पाहिलीय. दुरुस्तीचा खर्च मूळ खर्चाला लाजवतो.

वाट: सगळ्यांत जास्त घाम इथे

गणित आधी करा, कारण अंगमेहनतीचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. समजा ६० मीटर लांब आणि दीड मीटर रुंद वाट आहे आणि ती १५ सेंटिमीटर खोदायची आहे. म्हणजे १३.५ घनमीटर माती बाहेर. तेवढ्याच खड्ड्यात तळाला १० सेंटिमीटर विटांचे तुकडे किंवा जाड खडी, वर ५ सेंटिमीटर मुरूम किंवा बारीक चुरी. कुटल्यावर भराव दबतो, म्हणून चौथाई जास्त धरा: साधारण १७ घनमीटर. घमेल्यात दहा लिटर मावतं असं धरलं तर १,७०० घमेली. वीस माणसं साखळी करून उभी राहिली तर हे दोन सकाळींचं काम आहे. चार माणसं राबली तर ती बाग सोडून पळतील.

आणि ती बाहेर निघालेली माती? ती उचलून न्यायला ट्रक बोलावू नका. वरची काळी, सुपीक माती आधी खरवडून झाडांच्या आळ्यांसाठी वेगळी ठेवा. उरलेल्या मातीची टेकडी करा. तळाला सहा मीटर रुंद आणि दीड मीटर उंच गोल टेकडीत जवळपास १४ घनमीटर माती मावते, म्हणजे आपल्या वाटेचीच माती. थर घालून, प्रत्येक थर पाणी शिंपून कुटा आणि गवत लावा. मुलं ज्या खेळण्यावर सगळ्यांत जास्त वेळ असतात ते खेळणं तुम्हाला असं वाटेतून निघतं.

वाटेची रुंदी दीड मीटर ठेवली तर व्हीलचेअर वळू शकते. चढ २० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको. त्याहून जास्त असेल तर तो रॅम्प झाला, त्याला कठडा हवा आणि तो १२ ला एकपेक्षा तीव्र कधीच नको. आडवा उतार ५० ला एक पुरतो, पाणी बाजूला जातं. थर एकदम ओतायचे नाहीत. अर्धा ओता, ओलसर करा, कुटा, मग उरलेला. टाच आपटून बघा: टाच रुतली नाही तर झालं.

बसायची जागा

अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये माणसं कशी वागतात याचं वर्षानुवर्षं चित्रण केलं होतं. लोक कुठे बसतात, तर जिथे बसायला जागा असते तिथे, असा त्यांचा साधा निष्कर्ष होता. आणखी एक मजा त्यांनी टिपली: खुर्ची हलवता येत असेल तर माणूस ती बसण्याआधी दोन इंच का होईना सरकवतोच, कारण नसताना. म्हणून काही बैठका सुट्या ठेवा. पक्क्या बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, काहींना पाठ आणि हात. पाठीमागे भिंत किंवा झुडूप, समोर येणारं-जाणारं. रस्त्याकडे पाठ करून ठेवलेले बाक रिकामे राहतात.

झुडपं गुडघ्याच्या वर, फार तर मांडीपर्यंत. झाडांच्या खालच्या फांद्या दोन मीटरच्या वर छाटलेल्या. म्हणजे बाहेरून आतलं दिसतं आणि आतून बाहेरचं. एकट्या बाईला बागेत शिरावंसं वाटतं की नाही, हे दिव्यांइतकंच यावरही ठरतं.

मुलांचा कोपरा

डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सी. टी. सोरेन्सन यांच्या लक्षात आलं होतं की मुलं त्यांनी केलेल्या सुबक मैदानांपेक्षा चालू बांधकामांवर जास्त रमतात. त्यातून १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे फळ्या, विटा, टाकाऊ सामान यांचं खेळाचं मैदान उभं राहिलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वास्तुरचनाकार आल्दो व्हान आयक यांनी १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत शहरातल्या उरल्यासुरल्या जागांवर सातशेहून अधिक मैदानं केली. वाळूचा हौद, उलट्या घेण्याचे दांडे, उड्या मारायचे दगड, एवढ्यातच. महागडी रंगीत खेळणी नसली तर मुलं येणार नाहीत, ही भीती मोठ्यांची आहे.

पण स्वस्त म्हणजे धोकादायक नव्हे. चढायच्या कोणत्याही वस्तूभोवती सगळीकडून १.८ मीटर मोकळी जागा ठेवा. झोपाळा असेल तर दांडा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे. खाली माती किंवा हिरवळ चालत नाही, पडल्यावर ती मार शोषत नाही. ३० सेंटिमीटर लाकडाचा चुरा घाला, तो दबून कमी होतोच, म्हणून वर्षातून एकदा भर. जिथे अंग शिरतं पण डोकं अडकतं अशा फटी ठेवायच्या नाहीत. ९ ते २३ सेंटिमीटरमधली फट ती हीच. पट्टी घेऊन प्रत्येक फट मोजा, नजरेवर जाऊ नका. ओंडके ठेवताना साल काढा, धार तासा, एक तृतीयांश जमिनीत गाडा.

श्रमदानाचा दिवस

पाच-सहा जणांमागे एक म्होरक्या, त्याच्याकडे एकच काम आणि त्या कामाचं सामान. तो आदल्या दिवशी जागेवर येऊन गेलेला हवा. अवजारं माणसांच्या निम्म्याने असली तरी चालतात, कारण निम्मे भरतात आणि निम्मे वाहतात. पण सहा फावड्यांवर चाळीस माणसं बोलवू नका. तीन तासांहून जास्त काम ठेवू नका. प्यायचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी, हातमोजे. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी बसून करायची कामं आधीच काढून ठेवा: रोपांना नावं लावणं, नोंद ठेवणं, लाकूड घासणं. मुलांना यंत्रांपासून लांब.

प्रत्येक वेळी काहीतरी एक पूर्ण करा. दहा मीटर वाट, पण पूर्ण. साठ मीटरचा नुसता चर खोदून लोकांना घरी पाठवलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर आठवडाभर चरच राहतो.

झाडं शेवटी, आणि कमी

इथे बहुतेकांशी माझं पटत नाही. लोकांना शंभर झाडं लावायची असतात. तुम्ही ४० लावलीत असं धरू. पहिल्या कोरड्या हंगामात प्रत्येकाला १५ लिटर, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला १,२०० लिटर, ८० बादल्या. कोण घालणार, त्यांची नावं लिहा. नावं पंधरा झाडांपुरतीच निघाली तर पंधरा लावा. उरलेली पुढच्या वर्षी.

रोप लहानच घ्या; स्वस्त असतं, आणि मोठ्या झाडापेक्षा लवकर रुजतं. त्या भागात आपसूक वाढणाऱ्या जाती निवडा. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. खोल लावलेलं झाड बुंध्यापाशी कुजतं. वर पाच ते दहा सेंटिमीटर पालापाचोळा किंवा चुरा, बुंध्याला न टेकवता. आधाराची काठी लागलीच तर वर्षाने काढून टाका.

बाग खुली झाल्यावर

उद्घाटनाच्या आधीच देखभालीचा तक्ता भिंतीवर लागलेला हवा: पाणी, कचरा, नटबोल्ट आवळणं, चुऱ्याची भर, आणि प्रत्येकापुढे दोन नावं, एक नाही. एक माणूस गावाला जातो. किल्ली आणि पाइप कुठे असतो ते चौघांना तरी ठाऊक असावं. खेळण्यांची दर महिन्याला पाहणी करून वहीत तारीख आणि सही करा. उद्या कुणी पडलं तर हीच वही कामाला येते. जमलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवा, त्याला कुणी हात लावायचा नाही.

वर्षभराने पुन्हा ती पहिली वही घेऊन त्याच चार वेळांना जाऊन बसा. आमच्या एका बागेत सगळ्यांत देखणा बाक वर्षभर रिकामा होता आणि लोक शेजारच्या ओंडक्यावर दाटीवाटीने बसत. सावली तिथे होती. बाक दोन माणसांनी उचलून तिकडे नेला. पाया घातला नव्हता, नट काढायला दहा मिनिटं लागली.